दोन मोटारी दारात

"माणूस कुठली मोटार घेतो, यावरून त्याचा अख्खा जन्म वाचता येतो!" मळवलीत कोंडाजींच्या अंगणात उभं राहून सोपानने जाहीर केलं. त्याच्याकडे स्वतःची सायकल होती. तीही सध्या पंक्चर होती.

सोपान पुण्यातल्या एका मोटारीच्या दुकानात विक्रेता होता. निघताना मालकाने बजावलं होतं, "छत्तीस साल संपत आलं. या खेपेला एक तरी गाडी खपव, नाहीतर सोमवारी येऊ नकोस." कोंडाजींनी पोस्टकार्डावर लिहिलं होतं : दोन्ही आणा, शुक्रवारी, बरोबर चारला. तो मारुती मेकॅनिकला घेऊन साडेतीनलाच हजर झाला.

"ही तांबडी दोन माणसांची. खंडाळ्याचा चढ हसत चढते. पण टप कापडी, पावसात भिजाल. ही काळी सात जणांची. धावते बेतानं, पण आजी, नातवंडं, वर भाताचं पोतं, सगळं घेते."

कोंडाजींचं लक्ष रस्त्याकडे. उपरण्याने सारखा घाम पुसत होते.

"काचेवरची दुकानाची पाटी काढा. दृष्ट लागती."

सोपानने ती काढून खिशात घातली.

"आता वडगावची चार जानती मानसं येतील. त्यांच्या मतावर समदं हाय. तुमी दोघं नुसतं चाक धरून बसा. बोलायचं न्हाई."

विक्रेत्याला गप्प बसवणं म्हणजे मासा झाडावर टांगणं. पण सोमवार आठवून सोपान तांबडीत बसला.

चार फेटे आले. त्यांतल्या थोरल्या अंबाजींनी गाड्यांना फेरी घातली, मडगार्डावर बोट वाजवलं. "तांबडी कुनासाठी?"

"आमच्या बजरंगासाठी. काळी घरातल्या बायामानसांना."

दोन्ही! सोपानने मनातल्या मनात दोन पावत्या फाडल्या. कोंडाजींचा बजरंग मात्र नवा कोट घालून ओट्यावर खांबासारखा उभा होता. गाड्यांकडे बघतसुद्धा नव्हता.

अंबाजी खिडकीशी वाकले. "काय ड्रायव्हर, मालक कसे हायती?"

"देवमाणूस!" सोपान अगदी पोटातून म्हणाला.

मंडळी आत गेली. चहा गेला, पोहे गेले, बोलणं मात्र बाहेर येईना. सोपानने नखं खाल्ली. दुसऱ्या हाताचीही खाल्ली. तासाभराने कोंडाजींच्या झुंबरबाई बाहेर आल्या आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. सोपानच्याही. त्याचे डोळेच भरून आले.

मारुती पाहुण्यांना काळीतून स्टेशनावर सोडून परत आला, तेव्हा सोपान पावतीपुस्तक उघडून तयार होता.

"कोंडाजीराव, दोन्ही तुमच्याच नावावर ना?"

कोंडाजी बाजेवर बसले. दुपारपासून पहिल्यांदा त्यांनी पुरता श्वास सोडला.

"पोरीचा बाप व्हय म्हनला, सोपानराव. आता तेवढ्या ह्या गाड्या हलवा. बैलं घरला यायची येळ झाली."