नमुन्यातला नंबर

निवृत्त झाल्यावरही बाबांचा फोन दिवसभर वाजायचा. सर्व्हर बंद पडला की आपोआप मेसेज कसा जाईल, याची छोटीशी सेटिंग त्यांनी कधीकाळी प्रोग्रामर मंडळींच्या एका फोरमवर टाकली होती आणि नमुना म्हणून त्यात स्वतःचाच नंबर लिहिला होता. लोकांनी ती जशीच्या तशी उचलली. तेव्हापासून कुणाचंही मशीन आडवं झालं की खबर बाबांनाही.

सुट्टीला आलेली मुलगी वैतागली. तीही प्रोग्रामरच.

"डोळे झाकून कॉपी मारतात मेले! बाबा, नंबर बदलून टाका ना तुमचा."

"नको गं."

"का? परक्यांची दुखणी कशाला उशाशी घेऊन झोपायची?"

"परक्यांचे मेसेज मी उघडतही नाही. पण तुमच्या ऑफिसचाही येतो."

"आमच्या? तिथली सेटिंग तर मीच..." ती ओशाळली. "खाली आमचे नंबर घातले, वरचा तुमचा काढायचा राहिला. आजच काढते."

"राहू दे. तो मेसेज आला की कळतं, आज तुझा फोन येणार नाही. मग वाट न बघता जेवून घेतो."