दिवेलागणीचा नमस्कार

दिवेलागण जवळ आली की बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या वसुमतीअक्कांचा जीव खालीवर व्हायचा. मधुमेहाच्या दुखण्यात वर्षभर पावलांची नुसती आग आग होत होती, कुणाचं बोट लागलं तरी कळ मस्तकात जायची. डॉक्टर म्हणायचे, "वरून तर पायांना काही झालेलं दिसत नाही." मग सांगायचं तरी काय? पुण्याहून आलेली नवी सून नयना दिवा लावून नमस्काराला वाकली की अक्का गुपचूप पाय मागे ओढून घ्यायच्या.

काल नयना नवऱ्याला सांगत होती ते त्यांच्या कानावर पडलं. "आईंना मी मुळी आवडतच नाही."

आज दुपारपासून पाय कसे गप्पच होते, त्याचीही अक्कांना धास्तीच. तरी त्यांनी ठरवलं, कितीही भडका उडो, पाय हलवायचे नाहीत. दिवा लागताच त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले.

नयनाने दोन्ही पावलांवर हात ठेवले, मग डोकं टेकवलं. पाय जागचे हलले नाहीत. उठली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

अक्कांचे डोळे अजून मिटलेलेच.

"बरं, वाक गं आता. आज नाही मी पाय ओढणार."