मसुदा तुझाच

भावाने कागद दुमडून वकीलबाईंपुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. शेजारी साडीचा खोका होता. "ताई, बाबांच्या घराचं हक्कसोडपत्र. मसुदा तुझाच आहे, फक्त नावं बदललीत."

वकीलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं वारसाहक्काची कामं करताना कितीतरी बहिणींपुढे त्यांनीही असाच दुमडलेला कागद धरला होता, असंच बोट ठेवलं होतं. एकीलाही तो वाचून दाखवला नव्हता.

त्यांनी साडीचा खोका त्याच्या मांडीवर आपटला. "उघड तो कागद आणि मोठ्याने वाच."

तो वाचू लागला. "मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय..." आणि त्याचा आवाज अडखळला.

"थांबलास का? वाक्य माझंच आहे," त्या म्हणाल्या. "आता माझ्या तोंडाकडे बघून वाच."