आवाज नसलेला पाळणा

बायको शालन अपघातात गेली हे ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी डॉक्टरांनी सर्जेरावला सांगितलं की पोटातलं पाच महिन्यांचं बाळ वाचलंय, त्याला यंत्राच्या गर्भाशयात ठेवलंय. त्याला आता चार महिने झाले. सोमवारी बाळ बाहेर येणार, म्हणून सर्जेराव बहिणीला, मंदाला घेऊन गडहिंग्लजच्या दुकानात पाळणा बघायला आला.

तो सुतार. त्याने गजांमधून मूठ घालून पाहिली. मूठ आत गेली तो पाळणा बाद. मग गादी तळव्याने दाबली. हात रुतला ती गादी बाद.

"मग हा घ्या," दुकानातली मुलगी म्हणाली. "मजबूत आहे. आणि फोनमधल्या रेकॉर्डिंगवरून वहिनींच्या आवाजात अंगाई म्हणतो." तिने सर्जेरावचा फोन पाळण्याला जोडला. शालन गाऊ लागली.

मंदाने पदराने डोळे पुसले. "घे दादा. यंत्रात बाळाला चार महिने हाच आवाज ऐकवलाय. तुला कुठं गाता येतंय? आरतीला तुला मागं उभं करतात."

"पाळणा घेतो. आवाज काढून टाका."

"दादा!"

"ओळखीचा आवाज आला की बाळ मान वळवून बघणार. तिथं कोण दिसणार त्याला? मी बेसूर असलो तरी दिसेन की."

मंदाने पाळण्याला जोडलेला फोन काढून त्याच्या हातात दिला.

घरी आल्यावर त्याने पाळणा चारही बाजूंनी हलवून पाहिला. कुठेही डुगडुगत नव्हता. सोमवारला तीन दिवस उरले होते, आणि अंगाईची दुसरी ओळ त्याला अजून येत नव्हती.