रविवारचं दूध

दम्याच्या पोरीला दूध पाजते, ही बायजाक्काची सुनेबद्दल कायमची तक्रार होती. "दुधानं कफ होतो. दुसरीतून शाळा सोडलेल्या मला कळतं, शिकवण्या घेणाऱ्या हिला कळत नाही," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची.

दर रविवारी वनिता पेलाभर दुधात कसलीशी पावडर ढवळायची, पेला सासूच्या हाती द्यायची आणि शिकवणीला पळायची. बायजाक्काला ती पावडर चॉकलेटची वाटायची. सुनेची पाठ वळली, की दूध मांजरीच्या वाटीत आणि सहा वर्षांच्या मुक्ताच्या हाती गरम पेज.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढं सरकवला. "ड जीवनसत्त्व होतं तिथंच आहे. छाती आधीच नाजूक पोरीची. रविवारची पुडी दुधातून द्यायला सांगितली होती ना? आई असून विसरता कशा?"

"मी तर दर रविवारी..." एवढंच म्हणून वनितानं मान खाली घातली. तिच्या मांडीवर मुक्ताचा श्वास बारीक शिट्टीसारखा वाजत होता. शेजारी बसलेल्या बायजाक्काच्या डोळ्यांपुढं मांजरीची चाटूनपुसून लख्ख झालेली वाटी आली. गप्प बसली असती, तर कुणालाच कळलं नसतं.

"हिला बोलू नका बाई. दूध मी मांजरीला घालत होते," ती म्हणाली. मग सुनेकडं वळली. "आणि तू डोळे पूस. तुझी चूक एकच, माझ्यावर भरवसा ठेवलास."