अंगठ्याची दोरी

पेणच्या घराच्या माजघरात नूतन पापड लाटत होती. बाळाच्या झोळीची दोरी नेहमीसारखी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात पोळपाटावर, पाय झोका देणारा. आई झाल्यापासूनच्या कामांचे फोटो काढायचं तिने मनावर घेतलं होतं, म्हणून समोर टायमर लावलेला मोबाइल होता.

"हे वाळत घालून येते गो," म्हणत सासूबाई गच्चीवर गेल्या.

नूतनने फोटो पाहिले. शेवटच्या फोटोत दोरी तिच्या मागून स्वयंपाकघरात गेली होती. ताठ.

तिने खाली पाहिलं. अंगठा मोकळा होता. झोळी मात्र हलत होती.

तिने धावत जाऊन झोळी धरली. दोरीला स्वयंपाकघरातून हिसका बसला.

"तू लाट गो," आतून नूतनचाच आवाज आला, "माझं बाळ मी बघते."