तिसरी व्हॅन

आकुर्डीच्या बबनरावांच्या गॅरेजात तीन जुन्या व्हॅन विकायला उभ्या होत्या. कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले सदाशिव कर्वे एका सकाळी बायकोला, पद्माताईंना, घेऊन आले. मागच्या भागात गाद्या आणि स्टोव्ह मांडून दोघं वर्षभर देश हिंडणार होते.

बबनरावांनी एकेक इंजिन सुरू केलं. सदाशिवराव बॉनेटवर वाकून उभे राहायचे. पहिल्या दोन गाड्या अगदी अलगद चालत होत्या, तरी त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिसरी धडधडू लागली तसे ते बराच वेळ तिथंच थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "हीच."

बबनरावांना राहवेना. "ताई, इंजिन हिचंबी धड हाय, पण आवाज लई करती. प्रवासात कान किटतील तुमचे. सायलेन्सर बदलून देऊ का?"

"नको," शेजारीच उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत पद्माताई म्हणाल्या. "तीस वर्षं इंजिनं तपासता तपासता यांचे कान गेले. वाटेत गाडी बिघडू लागली, तर हिचंच यांना ऐकू येईल."